हजारातला एक भाग

धुराडं उत्तम आहे असं धरून चालू. फायरप्लेसमध्ये ओकची दोन-तीन ओंडकी जळतायत आणि धुराच्या हजार भागांपैकी नऊशे नव्याण्णव भाग सरळ वर, छपराबाहेर जातायत. खोलीत उरतोय तो फक्त हजारावा भाग. इतकं इमानदार धुराडं मिळालं तर घरमालक खूश होईल, गवंड्याची पाठ थोपटेल. तरीही त्या खोलीत बसलेल्या दमेकऱ्याची छाती भरून येते आणि बाकीचे म्हणतात, "धूर आहे कुठे? आम्हाला तर काहीच दिसत नाही."

आता हिशेब मांडू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, कोष्टकांत उघड्या फायरप्लेससाठी एक आकडा आहे. एक किलो कोरडं लाकूड जाळलं की साधारण १७ ग्रॅम सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्याचा हजारावा भाग १७ मिलिग्रॅम. खोली पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच धरली तर तिच्यात ६० घनमीटर हवा मावते. १७ मिलिग्रॅम म्हणजे १७ हजार मायक्रोग्रॅम. भागिले ६०. उत्तर येतं दर घनमीटरला सुमारे २८५ मायक्रोग्रॅम.

जागतिक आरोग्य संघटनेने अशा सूक्ष्म कणांसाठी २०२१ साली ठरवून दिलेली २४ तासांची सरासरी मर्यादा आहे १५. भारताची स्वतःची मर्यादा बरीच सैल आहे, ६०. म्हणजे एकाच किलो लाकडाचा, तोही हजारावा भाग, जागतिक मर्यादेच्या एकोणीस पट आणि आपल्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. शंभरावा भाग खोलीत आला, म्हणजे धुराडं 'फक्त' नव्याण्णव टक्के चांगलं असलं, तर आकडा २,८०० च्या पुढे जातो. परीक्षेत नव्याण्णव टक्के मिळवणाऱ्याचा सत्कार होतो. धुराड्याला तेवढे गुण पडले तर घरातल्या एखाद्याला नेब्युलायझर लावायची वेळ येऊ शकते.

हिशेब उलट बाजूने केला तर अजून चक्रावून जायला होतं. एका किलोचा सगळा धूर स्वच्छ हवेत इतका पातळ करायचा की घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच उरावेत. त्यासाठी हवा लागेल अकरा लाख घनमीटरांहून जास्त. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून १०४ मीटर भरेल असा हवेचा ठोकळा, किंवा आपल्या त्या खोलीसारख्या जवळपास एकोणीस हजार खोल्या. आणि हे एका किलोचं. संध्याकाळच्या गप्पांत तासाला तीन किलो लाकूड सहज जातं.

हा धूर येतो कुठून? लाकूड जळतं असं आपण म्हणतो खरं, पण ज्वाळेत जे जळतं ते बहुतेक लाकडातून निघालेले वायू असतात. तापल्यावर कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण चार-पंचमांश भाग वायूरूपाने बाहेर पडतो. निखारा होऊन मागे राहतो तो उरलेला भाग. हे वायू पूर्ण जळले तर मागे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच राहावं. एका किलो कोरड्या लाकडातून सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लाकडापेक्षा जड, कारण त्यात हवेतला ऑक्सिजन येऊन मिसळलेला असतो. पण पूर्ण जळण्यासाठी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता हवी, हवेशी नीट मिसळणं हवं आणि तिथे थोडा वेळ थांबणं हवं. उघड्या फायरप्लेसमध्ये या तिन्हींची बोंब. ज्वाळेच्या कडेने अर्धेकच्चे वायू निसटतात, थंड होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कण बनतात. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. त्याच कोष्टकात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आहे किलोला १२६ ग्रॅम, म्हणजे कणांच्या सातपट. आणि त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरणं नाही. जिथे लाकूड जळतं त्या घरात त्याचा अलार्म असायलाच हवा, यावर चर्चा नको.

कणांची मोजदाद आता करू. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान असतात. सोयीसाठी सगळे ०.२ मायक्रॉनचे मानू. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्याच्या जाडीवर असे साडेतीनशे कण ओळीने बसतील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे प्रकाशाच्या एका लाटेपेक्षाही हा कण छोटा. सुटा कण डोळ्याला दिसणं शक्यच नाही. फार दाटी झाली की निळसर झाक दिसते, तेव्हा कुठे आपण म्हणतो की धूर झाला.

अशा एका कणाचं वजन काढलं आणि त्याने एक ग्रॅमला भागलं तर उत्तर येतं साधारण दोन कोटी कोटी. दोनाच्या पुढे चौदा शून्यं. एका किलो लाकडाचे १७ ग्रॅम म्हणजे चौतीस कोटी कोटी कण. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांत वाटायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाचार लाख येतील. या कणांचा एकूण पृष्ठभागही काढता येतो: एका ग्रॅमला २५ चौरस मीटर, शहरातल्या एका बऱ्यापैकी खोलीची फरशी. त्या पृष्ठभागावर धुरातली फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन, बेंझोपायरीन अशी मंडळी कमीअधिक चिकटून प्रवास करतात. कण हे त्यांचं वाहन.

आणि हे वाहन खाली उतरत नाही. धूळ बसते, पीठ बसतं, तसा धूरही थोड्या वेळाने खाली बसेल असं वाटतं. ०.२ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला अडीच-तीन मायक्रॉन या वेगाने खाली येतो. तीन मीटर उंचीच्या छताजवळून निघालेला कण फरशीवर टेकायला बारा-तेरा दिवस लागतील. प्रत्यक्षात हवा कधीच स्थिर नसते. काही कण भिंतींना, पडद्यांना, सोफ्याच्या कापडाला चिकटतात, काही फटींतून बाहेर जातात. पण 'बसेल आपोआप' या भरवशावर राहायचं तर दोन आठवड्यांची तयारी ठेवावी लागेल.

इथवरच्या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती. फायरप्लेस हवा ओढते, आणि थोडीथोडकी नव्हे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेला आकडा असा की भडकलेली फायरप्लेस तासाला २४,००० घनफुटांपर्यंत हवा घराबाहेर फेकू शकते. घनमीटरमध्ये ६८०. आपली ६० घनमीटरची खोली तासात अकरा वेळा रिकामी होऊन पुन्हा भरते. तीन किलो लाकूड जळायला खरी गरज असते सुमारे १५ घनमीटर हवेची. फायरप्लेस गरजेच्या पंचेचाळीस पट हवा ओढते आणि आपणच तापवलेली हवा आकाशात सोडून देते. म्हणून चांगल्या उघड्या फायरप्लेसची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास सांगतात. तीन किलो लाकडात बारा युनिट वीज भरेल इतकी उष्णता असते. तुमच्या वाट्याला येते सव्वा युनिटही नाही. साधा १,२०० वॉटचा विजेचा हीटर तासाभरात तेवढंच करतो, बिनधुराचं. शेकोटीपाशी बसल्याचं सुख हीटर देत नाही, हे मान्य. पण ऊब हवी म्हणून फायरप्लेस पेटवतो असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तर ही ओढ हिशेबात धरू. तासाला तीन किलो, हजारावा भाग खोलीत, म्हणजे ५१ मिलिग्रॅम. ती ६८० घनमीटर वाहत्या हवेत पसरली की आकडा २८५ वरून घसरून ७५ वर येतो. दिलासा? थोडासा. जागतिक मर्यादेच्या पाचपट, आणि भारताच्या मर्यादेच्याही वर. तेही फायरप्लेस जोरात असतानाचं. ज्वाळा मंदावल्या की ओढ मंदावते. निखारे आणि अर्धवट जळकी लाकडं मात्र धुमसतच असतात. पेटवताना आणि विझताना, या दोन टोकांना खोलीत सगळ्यात जास्त धूर शिरतो तो यामुळे.

घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम असलेल्या त्या 'स्वच्छ' खोलीत एक श्वास घेऊ. अर्धा लिटर हवा आत गेली. तिच्यात साधारण ७५ लाख कण. चौऱ्याऐंशी लक्ष योनींना थोडेच कमी, तेही एका श्वासात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर तासाला ९०० श्वास आणि ६७५ कोटी कण. यातले बरेच श्वासाबरोबर परत बाहेर येतात. जे राहतात ते कुठे राहतात, हा प्रश्न.

नाकात केस आहेत, घशात ओलावा आहे, श्वासनलिकेत सूक्ष्म लव आहे जी सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून चिकट स्राव वर ढकलत राहते. पण नळ्या दुभंगत दुभंगत शेवटी जिथे संपतात त्या वायुकोशांत ही लव नाही. माणसाच्या दोन फुप्फुसांत असे सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. तिथवर पोचलेला कण उचलायला शरीराच्या भक्षक पेशी येतात, कणाला गिळतात, आणि गिळता गिळता दाहाचा इशारा सोडतात. निरोगी माणसात हा इशारा हळू आवाजात दिला जातो. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या आधीच सुजलेल्या आणि चिडक्या असतात, तिथे तो आवाज मोठा होतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात.

धूर सहन न होणाऱ्याला घरात 'नाजूक', 'लाडावलेला' असं काहीबाही ऐकून घ्यावं लागतं. त्याची बाजू भौतिकशास्त्र घेतं. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. नळी वीस टक्के अरुंद झाली तर अडथळा वीस टक्के वाढत नाही, तो जवळपास अडीचपट होतो. नळी निम्मी झाली की सोळापट. एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर दोघं बसलेत, दोघांच्या श्वासात तेच ७५ लाख कण. एकाला गोष्ट सुचतेय आणि दुसरा इनहेलर शोधतोय. जगात २०१९ साली दम्याचे २६ कोटींहून जास्त रुग्ण होते. इतकी नाजूक मंडळी जगात आहेत तर.

हजारावा भाग हे गृहीत धुराड्यामुळे धरता आलं. धुराडंच नसेल तर? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपाशी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या पातळीवरची हवा मोजली. स्वयंपाकाच्या वेळेत हवेतल्या एकूण कणांची सरासरी आली घनमीटरला सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम. त्या काळी प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी असं समीकरण होतं. सगळ्यात वाईट हवा खेड्यातल्या स्वयंपाकघरात असेल हे कोणी मनावर घेतलं नव्हतं. आजही जगात सुमारे २१० कोटी लोक उघड्या चुलीवर किंवा धुराच्या इंधनावर रांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या या धुराने २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली; त्यांतली २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात आणि चुलीपाशी आईच्या मांडीवर असतात.

फायरप्लेसवाल्याची स्थिती वेगळी. त्याच्याकडे धुराडं आहे, आणि इतिहासात ते अगदी परवाचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत माणसाच्या पूर्वजांनी आग वापरल्याच्या खुणा सुमारे दहा लाख वर्षं जुन्या आहेत. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर चाळीस हजार पिढ्या आगीशेजारी बसल्या. युरोपात घराच्या भिंतीत धुराडं येऊ लागलं ते बाराव्या शतकाच्या सुमारास. त्याचा उपभोग जेमतेम शेवटच्या तीसेक पिढ्यांचा. त्याआधी राजाच्या दिवाणखान्यातसुद्धा मधोमध आग आणि छपराला भोक, एवढीच व्यवस्था.

राजांचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमकडे जाऊ. तो दमेकरी होता. १६८९ साली गादीवर आला तेव्हा लंडनचा व्हाइटहॉल राजवाडा थेम्सच्या काठी, दमट आणि शहराच्या धुरात बुडालेला. विल्यमचा दम कोंडू लागला. त्याच वर्षी त्याने शहराबाहेर, केन्सिंग्टन नावाच्या खेड्यात एक हवेली विकत घेतली. किंमत २०,००० पौंड. ती हवेली म्हणजे आजचा केन्सिंग्टन राजवाडा. इंग्लंडमध्ये तेव्हा शेकोटीवर कर होता: १६६२ पासून घरातल्या दर फायरप्लेसमागे वर्षाला दोन शिलिंग. पौंडात वीस शिलिंग; म्हणजे राजाच्या नव्या घराची किंमत दोन लाख शेकोट्यांच्या वर्षभराच्या कराइतकी. आणि तो कर रद्द कोणी केला? याच विल्यमने, राणी मेरीसह, त्याच १६८९ साली. लोक घरात शिरून शेकोट्या मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना इतके कंटाळले होते की नव्या राजाला लोकप्रिय व्हायला हा सोपा मार्ग होता. शेकोटीचा जाच स्वतःच्या फुप्फुसांना होणाऱ्या राजाने शेकोटी स्वस्त केली, हे मला त्या सगळ्या राजवटीतलं सर्वांत गमतीदार वाक्य वाटतं. कर चुकवण्याच्या तऱ्हाही होत्याच. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावात १६८४ साली एका बेकरी चालवणाऱ्या घरात शेजाऱ्याच्या धुराड्याला भिंतीतून भोक पाडून आपली भट्टी जोडली गेली आणि आगीत वीस घरं गेली, असं सांगतात.

धुराड्याचा खरा वैद्य त्यानंतर शंभर वर्षांनी आला. बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. अमेरिकेत जन्मलेला, इंग्रजांच्या बाजूने लढलेला, बव्हेरियात पदवी मिळवलेला हा विक्षिप्त माणूस उष्णतेचा अभ्यासक होता. १७९० च्या दशकात त्याने लंडनमधल्या शेकडो धूर ओकणाऱ्या फायरप्लेस दुरुस्त केल्या आणि १७९६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सोपं होतं. शेकोटीचा खोलपणा कमी करा, बाजूच्या भिंती १३५ अंशांत तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा चार इंच करा. तोवरचे गळे इतके ऐसपैस असत की साफसफाईला पोरगं आत चढे. त्या पोकळीत थंड हवा वरून खाली येई आणि गरम धूर तिच्यावर आपटून खोलीत परते. चार इंचांच्या फटीतून धूर वेगाने वर निघून जातो, वरून येणाऱ्या हवेला जागाच राहत नाही. लंडनच्या श्रीमंतांत रम्फर्ड शेकोटीची अशी टूम निघाली की जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीतही तिचा उल्लेख येतो. आजही जुन्या घरातली फायरप्लेस धूर ओकत असेल तर गवंडी आधी गळाच बघतो.

पण वर गेलेल्या नऊशे नव्याण्णव भागांचं काय? ते गेले कुठे? शेजाऱ्याकडे. आणि शेजाऱ्याचे आपल्याकडे. फायरप्लेस तासाला ६८० घनमीटर हवा बाहेर फेकते तेव्हा तेवढीच हवा दाराच्या, खिडकीच्या फटींतून आत येते, आणि ती त्याच गल्लीतली असते. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या ५ ते ९ तारखांना हा हिशेब एकदम वसूल झाला. थंडी, वारा नाही, लाखो घरांच्या शेकोट्यांत आणि वीजकेंद्रांत कोळसा. पाच दिवसांत आणि त्यामागोमाग सुमारे ४,००० जादा मृत्यू झाल्याचं आधी धरलं गेलं. नंतरच्या संशोधनाने तो आकडा १२,००० च्या घरात नेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला.

छोट्या गावांची उदाहरणं मला जास्त बोलकी वाटतात, कारण तिथे एकच गोष्ट बदलली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातलं लॉन्सेस्टन डोंगरांच्या खोलगट भागात वसलेलं. हिवाळ्यात धूर तिथेच कोंडायचा. शहरातली ६६ टक्के घरं लाकडावर तापायची. २००१ पासून सरकारी पैशाने मोहीम चालली आणि हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. हिवाळ्यातली पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, सरासरी घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरली, आणि पुढच्या काही वर्षांत पुरुषांमधले एकूण मृत्यू ११.४ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी या गावी २००५ ते २००७ मध्ये हजाराहून अधिक जुने लाकडी स्टोव्ह बदलले गेले. तिथे शाळकरी मुलांच्या पालकांना विचारत गेले तेव्हा असं दिसलं की हिवाळ्यातले सूक्ष्म कण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमने कमी झाले की मुलांच्या छातीत घरघर होण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. पाच मायक्रोग्रॅम! आपण वर २८५ आणि ७५ ची भाषा करत होतो.

मग काचेचं दार असलेला बंद स्टोव्ह घ्यावा का? उघड्या शेकोटीपेक्षा तो नक्कीच बरा. जुने स्टोव्ह तासाला १५ ते ३० ग्रॅम धूर सोडत. अमेरिकेत मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हला चाचणीत दोन-अडीच ग्रॅमची मर्यादा आहे. पण चाचणीत दार बंद असतं. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या १९ घरांत महिनाभर हवा मोजली तेव्हा स्टोव्ह चालू असताना घरातले सूक्ष्म कण बंद असतानाच्या तुलनेत तिप्पट भरले, आणि उसळी यायची ती लाकूड घालायला दार उघडलं की. एका संध्याकाळी जितक्या वेळा दार उघडाल तितका आकडा चढतो. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांच्या २०२२ च्या अहवालात हेही होतं की नवा, मान्यताप्राप्त लाकडी स्टोव्हसुद्धा गॅसच्या हीटिंगच्या ४५० पट सूक्ष्म कण सोडतो. जुन्या, आता विक्रीला बंदी असलेल्या स्टोव्हसाठी तो आकडा ३,७०० पट आहे.

तरीही दिवाळीच्या सुटीत किंवा नाताळात कोणाच्या घरी फायरप्लेस पेटणारच असेल, आणि घरात एखादा धुराने घुसमटणारा असेल, तर हिशेबात सगळ्यात मोठी कपात कुठे होते ते पाहावं. ती लाकडापासूनच सुरू होते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाणी असू शकतं. दहा किलो लाकडात पाच लिटर पाणी. ते उकळून बाहेर पडेपर्यंत ज्वाळा ६०० अंशांच्या खाली राहते आणि धूर वाढत जातो. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून किरकोळ विक्रीच्या लाकडाला ही अट कायद्यानेच आहे. ओलावा मोजायचं दोन खिळ्यांचं यंत्र स्वस्तात मिळतं, पण ओंडकं फोडून आतल्या बाजूला लावावं, बाहेरून नाही. पेटवण्याआधी धुराड्याचा डँपर, म्हणजे आतली झडप, पूर्ण उघडून पेटत्या कागदाचा बोळा वर धरावा, म्हणजे थंड धुराडं तापून ओढ सुरू होते. आग छोटी आणि झणझणीत असावी. रात्रभर धुमसत ठेवणं सगळ्यात वाईट. आणि फायरप्लेसजवळची खिडकी बोटभर उघडी.

हवा शुद्ध करणारं यंत्र लावलं तर? 'हेपा' गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, त्यात शंका नाही. पण तासाला ३०० घनमीटर हवा गाळणारं यंत्र त्याच खोलीत ठेवलं तर आकडा ७५ वरून ५२ वर येतो, त्याखाली नाही. फायरप्लेसची ६८० घनमीटरची उलाढाल चालू असताना त्या यंत्राच्या हाती फार थोडं राहतं. तेच यंत्र ३० घनमीटरच्या झोपायच्या खोलीत, दार लावून ठेवलं तर ती खोली तासाला दहा वेळा गाळली जाते. दमेकऱ्याची रात्र तिथे जावी. आणि ज्याच्या औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांनी ठरवलेलं आहे त्याने त्या संध्याकाळी इनहेलर दुसऱ्या मजल्यावर विसरू नये.

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी माणसं भरपूर आहेत, आणि तिथे ज्या दिवशी हवा बिघडल्याचा इशारा निघतो त्या दिवशी लाकूड जाळण्यावर २००८ पासून बंदी आहे. नोव्हेंबर २०१६ पासून नव्या घरात लाकूड जाळणारी फायरप्लेस बसवताच येत नाही. जुनं घर विकत घेणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेकांना कळतच नाही. न पेटवलेली फायरप्लेससुद्धा त्रास देते. ओट्यावर मिरचीची फोडणी टाकताना वरचा एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावला की तो तासाला पाचशे-सहाशे घनमीटर हवा बाहेर फेकू शकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या घट्ट बंद असतील तर घरातलं सगळ्यात मोठं भोक धुराड्याचंच. हवा उलटी, वरून खाली ओढली जाते आणि वर्षानुवर्षांच्या काजळीचा वास हॉलमध्ये भरतो. मग लोक म्हणतात, फोडणीचा ठसका लागला. फोडणी टाकण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी उघडावी आणि डँपर नीट बसतो का ते एकदा हात घालून पाहावं.